मुदत चुकवली सरकारने, भुर्दंड मात्र नागरिकाला

मिलानच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकात १६ जानेवारी १९८९ रोजी एका कंपनीने पाओला फाच्चिनी दोरी नावाच्या महिलेची करारावर सही घेतली. पत्राद्वारे इंग्रजी शिकवणारा अभ्यासक्रम होता. तिचा विचार बदलला आणि तीनच दिवसांनी, १९ जानेवारीला, तिने रजिस्टर्ड पत्र टाकून करार रद्द करत असल्याचे कळवले. कंपनीने पुढे आपले येणे दुसऱ्याच एका कंपनीच्या नावे करून दिले आणि त्या कंपनीने फ्लॉरेन्सच्या न्यायालयात वसुलीसाठी धाव घेतली.

दुकानाबाहेर गाठून, दारात उभे राहून किंवा वाटेत अडवून केलेल्या विक्रीतून ग्राहकाला किमान सात दिवसांच्या आत माघार घेता यावी, असा डायरेक्टिव्ह, म्हणजे निर्देश, युरोपीय समुदायाने १९८५ मध्येच काढला होता. त्यानुसार आपापले कायदे करण्यासाठी सदस्य देशांना डिसेंबर १९८७ पर्यंत मुदत होती. इटलीने ती पाळली नाही. तिथला कायदा आला १९९२ मध्ये. प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि जुलै १९९४ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने मान्य केले की निर्देशातील तरतूद स्पष्ट आहे, निःसंदिग्ध आहे, ग्राहकाला काय मिळायला हवे याबद्दल शंका नाही. पण समोरचा पक्ष खासगी कंपनी आहे, आणि निर्देश बांधतो तो राज्याला. त्यामुळे या बाईंना कंपनीविरुद्ध निर्देशाचा आधार घेता येणार नाही. इटलीचा प्रचलित कायदा शक्य तितका निर्देशाशी जुळवून वाचण्याचा प्रयत्न तिथल्या न्यायाधीशाने करावा, आणि तेही जमले नाही तर बाईंनी इटली सरकारकडे नुकसानभरपाई मागावी.

एका अभ्यासक्रमाच्या पैशांसाठी एका नागरिकाने स्वतःच्या देशाच्या सरकारवर दावा लावायचा! हा निकाल मला पटत नाही. त्यानंतर तीस वर्षांहून अधिक काळ लोटला, युरोपीय समुदायाचा युरोपीय संघ झाला, कितीतरी नवे निर्देश आले. पण या निकालाने आखलेली रेषा जागेवरच आहे. ती पुसायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

आधी ही यंत्रणा चालते कशी ते पाहू. युरोपीय संघाचे बंधनकारक कायदे मुख्यतः दोन तऱ्हांचे. एक विनियम, म्हणजे रेग्युलेशन. तो ठरल्या तारखेला सगळ्या सदस्य देशांत जसाच्या तसा लागू होतो. कुठल्याही संसदेने त्यावर वेगळा कायदा करण्याची गरज नसते. दुसरा निर्देश. संघाच्या कार्यपद्धतीविषयीच्या कराराचा अनुच्छेद २८८ सांगतो की निर्देशाने साधायचा परिणाम सदस्य देशांवर बंधनकारक असतो, पण तो कोणत्या रूपाने आणि कोणत्या पद्धतीने साधायचा हे राष्ट्रीय अधिकाऱ्यांनी ठरवायचे. युरोपीय संसद आणि सदस्य सरकारांची परिषद मिळून निर्देश संमत करतात, त्यात मुदत लिहिलेली असते, बहुधा दोन वर्षांच्या आसपास. त्या मुदतीत प्रत्येक देशाने आपला कायदा करायचा, जुना असेल तर दुरुस्त करायचा.

ही रचना मुळात शहाणपणाची आहे. सत्तावीस देशांच्या कायद्यांच्या परंपरा वेगवेगळ्या आहेत. डेन्मार्कमध्ये मालक संघटना आणि कामगार संघटना यांच्यातल्या करारांनी जे ठरते, ते फ्रान्समध्ये संहितेच्या कलमात लिहावे लागते. निर्देशांची काही बंधने सामूहिक करारांतून पुरी करण्याची मुभा डेन्मार्कसारख्या देशांनी घेतलीही. चार आठवडे भरपगारी वार्षिक रजा, आठवड्याला सरासरी ४८ तासांची कामाची मर्यादा, दोन दिवसांच्या कामामध्ये सलग ११ तासांची विश्रांती या गोष्टी कामाच्या वेळेविषयीच्या निर्देशाने ठरवल्या. त्या कुठल्या कायद्यात, कुठल्या शब्दांत बसवायच्या हे प्रत्येक देशाने आपल्या सोयीने पाहिले. यात गैर काहीच नाही.

गैर घडते ते मुदत उलटून गेल्यावर. सरकारने कायदा केलाच नाही, किंवा अर्धवट केला, तर ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप झाला त्या माणसाने काय करायचे? १९७४ पासून न्यायालयाने याचे उत्तर टप्प्याटप्प्याने घडवले. तरतूद स्पष्ट आणि बिनशर्त असेल आणि मुदत संपली असेल, तर नागरिक राज्याविरुद्ध थेट निर्देशाचाच आधार घेऊ शकतो. कारण साधे आहे: कायदा न करण्याची चूक ज्याची, त्यालाच त्या चुकीचा फायदा उठवू देता येणार नाही. इथपर्यंत सगळे ठीक. पण हेच तत्त्व खासगी मालकाच्या उंबरठ्यावर येऊन थांबले.

त्याचा परिणाम काय होतो हे ब्रिटनमधल्या दोन खटल्यांत लख्ख दिसते. हेलन मार्शल साउथॅम्प्टनच्या सरकारी आरोग्य प्राधिकरणात वरिष्ठ आहारतज्ज्ञ होत्या. तिथे स्त्रियांचे निवृत्तीचे वय ६० आणि पुरुषांचे ६५ असे धोरण होते. त्यांना ६२ व्या वर्षी, केवळ स्त्री म्हणून वय उलटले या कारणावरून कामावरून काढले. स्त्री-पुरुषांना समान वागणूक देण्याविषयीच्या १९७६ च्या निर्देशाच्या आधारे १९८६ मध्ये युरोपीय न्यायालयात त्या जिंकल्या, कारण त्यांचा मालक राज्याचा भाग होता. याच धर्तीची तक्रार घेऊन श्रीमती ड्यूक नावाच्या दुसऱ्या कर्मचारी हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत, गेल्या. त्यांनाही साठी ओलांडल्यावर घरी बसवले होते, आणि पुरुष सहकाऱ्यांना पासष्टपर्यंत काम करता येत होते. त्या १९८८ मध्ये हरल्या, कारण त्यांची नोकरी खासगी कंपनीत होती.

देश एक, निर्देश एक, अन्यायही एकच. फरक एवढाच की पगाराच्या चिठ्ठीवर नाव कोणाचे होते. हा फरक कुठल्या न्यायाने महत्त्वाचा ठरतो? खासगी नोकरीतल्या माणसाला संरक्षणाची गरज कमी असते असे तर नाही. बहुतेक वेळा ती जास्तच असते. सरकारी नोकराच्या मागे नियमावली असते, संघटना असते, नोकरीची शाश्वती असते. निर्देशाचे शस्त्र मात्र आपण त्याच्याच हातात दिले आणि ज्याच्या मागे कोणी नाही त्याला रिकाम्या हाताने पाठवले.

पुढे राज्य म्हणजे कोण, याची व्याख्या ताणली गेली. गॅसपुरवठा करणारी सार्वजनिक संस्था राज्यात धरावी, असे १९९० मध्ये ठरले. मग सार्वजनिक सेवा देणाऱ्या आणि विशेष अधिकार असलेल्या आणखी संस्थांची त्यात भर पडत गेली. मूळ रेषा चुकीची असल्याची जाणीव असल्याशिवाय एवढी ओढाताण कोणी करत नाही, असे मला वाटते. रेषा तीच ठेवून अधिकाधिक लोकांना तिच्या अलीकडे ओढून घ्यायचे, असा हा मार्ग आहे.

मग भरपाईचा मार्ग. १९९१ मधल्या फ्रांकोविच निकालाचे कौतुक कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने केलेले असते, आणि ते रास्तही आहे. आंद्रेआ फ्रांकोविच हे व्हिचेंझाच्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत काम करत. त्यांचा पगार थकला. तिथल्या न्यायालयाने कंपनीला सुमारे ६० लाख लिरा देण्याचा आदेश दिला, पण वसुली करायला गेलेल्या बेलिफाच्या हाती काहीच लागले नाही. मालक बुडाला तर कामगारांचे थकलेले पगार हमी निधीतून मिळावेत असा निर्देश १९८० चा होता. मुदत ऑक्टोबर १९८३ मध्ये संपली होती. इटलीने निधी उभारलाच नव्हता. त्याबद्दल १९८९ मध्ये युरोपीय न्यायालयाने इटलीला दोषीही ठरवले होते, तरीही हालचाल नव्हती. तेव्हा न्यायालयाने सांगितले की निर्देश न राबवल्यामुळे नागरिकाचे नुकसान झाले तर ते राज्याने भरून द्यावे. एक मोठे तत्त्व जन्माला आले.

आणि फ्रांकोविच यांना काय मिळाले? काहीच नाही. त्यांच्या कंपनीवर इटलीच्या कायद्याप्रमाणे सामूहिक दिवाळखोरीची कारवाई होऊ शकत नव्हती, आणि निर्देश फक्त तशा कारवाईखाली येणाऱ्या मालकांच्या कामगारांपुरता आहे, असे १९९५ मध्ये त्याच न्यायालयाने सांगितले. ज्यांच्या नावाने हे तत्त्व जगभरच्या विद्यापीठांत शिकवले जाते, त्यांचा पगार बुडाला तो बुडालाच.

भरपाईच्या तत्त्वाने कोणाचे भले झाले नाही असे नाही. सहल कंपनी बुडाली तर ग्राहकाचे पैसे आणि घरी परतण्याचा खर्च सुरक्षित असावा, असा निर्देश होता आणि त्याची मुदत १९९२ च्या अखेरीस संपली होती. जर्मनीने कायदा केला नाही. १९९३ मध्ये तिथल्या सहल कंपन्या बुडाल्या. कोणाचे आगाऊ भरलेले पैसे गेले, तर कोणाला परदेशातून पदरमोड करून परतावे लागले. १९९६ मध्ये न्यायालयाने जर्मनीला ठणकावले की मुदतीत काहीच न करणे हाच पुरेसा गंभीर भंग आहे. पण तिथे नुकसान झालेले लोक अनेक होते, रकमा मोठ्या होत्या, दावे एकत्र येत होते. महिन्याची दोन दिवसांची रजा बुडालेला गोदामातला कामगार सरकारवर दावा लावेल का? वकिलाची फीच रजेच्या पगारापेक्षा जास्त होईल. कागदावर उपाय असणे आणि तो माणसाच्या हातात असणे, यांतले अंतर न्यायशास्त्राच्या पुस्तकांत मोजले जात नाही. माझा सगळा आक्षेप या अंतराला आहे.

सरकारांना शिक्षा होत नाही असेही नाही. क्रीट बेटावर खानियाजवळ कुरुपितोस नदीच्या मुखाशी कचरा बेबंद टाकला जात होता, कचऱ्याविषयीचे निर्देश धाब्यावर बसवून. १९९२ मध्ये ग्रीस दोषी ठरला, तरी कचरा पडतच राहिला. अखेर जुलै २००० मध्ये न्यायालयाने दिवसाला २०,००० युरो दंड ठोठावला. आधीचा निकाल न पाळल्याबद्दल सदस्य देशाला झालेला तो पहिला दंड. संघाचे नियम बदलणाऱ्या लिस्बन करारानंतर तर निर्देश राबवण्याचे उपाय मुदतीत कळवले नाहीत तर पहिल्याच खटल्यात दंड मागता येऊ लागला. गैरव्यवहार उघड करणाऱ्या कर्मचाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या २०१९ च्या निर्देशाची मुदत १७ डिसेंबर २०२१ ला संपली. जर्मनीचा कायदा जुलै २०२३ मध्ये अमलात आला. मार्च २०२५ मध्ये त्याबद्दल जर्मनीला ३ कोटी ४० लाख युरोंचा दंड झाला.

हा दंड जातो कुठे? युरोपीय संघाच्या तिजोरीत. मधल्या दीड वर्षात ज्याने आपल्या कंपनीतला घोटाळा उघड केला आणि नोकरी गमावली, त्याला त्यातला एक सेंटही मिळत नाही. दंड आवश्यकच आहे, त्याने पुढच्या वेळी सरकार लवकर हलते. पण हुकलेला हक्क त्याने परत येत नाही.

इथे एका जुन्या निकालाकडे मराठी वाचकाचे लक्ष वेधावेसे वाटते. हवेतील सल्फर डायऑक्साइड आणि धूलिकणांच्या मर्यादा ठरवणारा निर्देश जर्मनीने एका तांत्रिक परिपत्रकाने राबवला. अधिकारी ते काटेकोरपणे पाळतात, मग कायदा कशाला, असा जर्मनीचा युक्तिवाद होता. मे १९९१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला. नागरिकाला आपला हक्क नेमका काय आहे हे खात्रीने कळले पाहिजे आणि त्यावर न्यायालयात उभे राहता आले पाहिजे. परिपत्रकाने ते होत नाही, प्रशासनाची चांगली सवय म्हणजे कायदा नव्हे. शासन निर्णय आणि परिपत्रकांच्या राज्यात राहणाऱ्या आपल्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. जीआर निघाला की काम झाले असे मंत्रालयात मानले जाते; प्रत्यक्ष माणूस तो कागद घेऊन कचेरीत गेला की ‘आमच्याकडे अजून आलेला नाही’ हे उत्तर ऐकतो.

म्हणजे हे न्यायालय कचखाऊ नाही. नागरिकाच्या हातात खरोखर काही पडले पाहिजे, ही त्याची तळमळ निकालानिकालातून दिसते. म्हणूनच खासगी मालकापाशी ते का अडते, याची कारणे नीट तपासायला हवीत.

पहिले कारण शब्दांचे. अनुच्छेद २८८ म्हणतो की निर्देश ज्या सदस्य देशाला उद्देशून आहे त्याला बांधतो. मग खासगी माणसाला कसा बांधेल? पण समान कामाला समान वेतन सांगणारा युरोपीय समुदायाच्या मूळ कराराचा अनुच्छेद ११९ हाही सदस्य देशांनाच उद्देशून लिहिलेला होता. तरी १९७६ मध्ये बेल्जियमच्या सबेना विमान कंपनीतील हवाई सेविका गाब्रिएल देफ्रेन यांच्या खटल्यात याच न्यायालयाने सांगितले की तो खासगी करारांनाही लागू होतो. राज्यावर घातलेल्या कर्तव्याचा लाभ ज्याच्यासाठी आहे, त्याला तो हक्क म्हणून मिळू शकतो, असा तिथला विचार. जो विचार करारातल्या शब्दांना चालला, तो निर्देशातल्या शब्दांना का चालू नये?

दुसरे कारण अधिक वजनदार आहे. मालकाने आपल्या देशाचा कायदा पाळला, त्याचा काय दोष? सरकारच्या चुकीची किंमत त्याने का मोजावी? या प्रश्नाला उडवून लावता येणार नाही. पण निर्देश गुपचूप येत नाही. तो संघाच्या राजपत्रात सर्व अधिकृत भाषांत छापला जातो, मसुद्यावर मालकांच्या संघटनांशी चर्चा झालेली असते, अंमलबजावणीला मोठी मुदत असते. अंधारात असतो तो कामगार. शिवाय मालकाने भरायचे काय? सरकार वेळेवर वागले असते तर त्याला जे द्यावेच लागले असते, तेवढेच. शेजारच्या देशातला त्याचा प्रतिस्पर्धी तेच देतो आहे. सरकारच्या दिरंगाईमुळे याचे पैसे वाचले, आणि ते वाचले कामगाराच्या खिशातून.

तरीही एखाद्या मालकावर खरोखर अन्याय होत असेल, तर फ्रांकोविचचा मार्ग त्याला मोकळा ठेवावा. कामगाराला त्याचा हक्क मालकाने द्यावा आणि मालकाने हवे तर सरकारवर दावा लावावा. या दोघांत कोर्टकचेरी झेपण्याची ऐपत कोणाची आहे, हे उघड आहे. सरकारला झोडपायचेच असेल तर ते ओझे ज्याच्याकडे वकील आहेत त्याच्या खांद्यावर असू द्या. युरोपातील कायदेपंडितांमध्ये असा विचार मांडला गेलेला आहे, आणि मला तो सर्वांत न्याय्य वाटतो. फक्त एक अपवाद: निव्वळ निर्देशाच्या जोरावर कोणालाही फौजदारी शिक्षा होता कामा नये. तिथे आजची रेषा बरोबर आहे आणि ती तशीच राहावी.

तिसरे कारण असे सांगतात की मग निर्देश आणि विनियम यांत फरक उरणार नाही. फरक उरतो. मुदत संपेपर्यंत उरतो, आणि ज्याने वेळेत नीट कायदा केला त्याच्यासाठी कायमचा उरतो. तो गमावतो फक्त मुदत चुकवणारा. उलट आज जे चालले आहे त्यानेच निर्देश मागे पडतो आहे. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा १९९५ चा निर्देश देशोदेशी वेगळा वाचला गेला, तेव्हा त्याच्या जागी विनियम आणला गेला आणि तो मे २०१८ पासून सगळीकडे एकसारखा लागू झाला. आपापल्या पद्धतीने कायदा करण्याची मोकळीक ज्या राष्ट्रीय संसदांना प्रिय आहे, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. निर्देश कामाचा नाही असे ब्रुसेल्सला वाटू लागले, तर ती मोकळीकच हातची जाईल.

आणि कायद्याच्या निश्चिततेचे म्हणाल, तर ती आजच्या व्यवस्थेत तरी कुठे आहे? राष्ट्रीय कायदा निर्देशाशी जुळवून वाचण्याचे बंधन न्यायालयाने १९८४ मध्येच घातले. ते प्रकरणही पाहण्यासारखे आहे. जर्मनीतल्या वेर्ल येथील पुरुषांच्या तुरुंगात समाजसेविकेच्या जागेसाठी अर्ज केलेल्या दोन महिलांना केवळ स्त्रिया म्हणून डावलले गेले. जर्मन कायद्याप्रमाणे त्यांतल्या एकीची भरपाई भरली फक्त प्रवासखर्चाची, ७ मार्क २० फेनिग. भरपाई खरोखर जरब बसवणारी हवी, तेव्हा कायदा तसा वाचा, असे न्यायालयाने सांगितले, आणि हे बंधन खासगी मालकाच्या खटल्यातही चालते. म्हणजे मालकाला निर्देश थेट लागू होत नाही, पण न्यायाधीशाने कायदा जरा वळवून वाचला तर होतो. किती वळवायचा, हे कोणालाच आधी ठाऊक नसते.

त्यापुढचे पाऊल २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये पडले. जर्मनीतील दोन विधवांचा प्रश्न होता. पतींच्या मृत्यूच्या वेळी त्यांची वार्षिक रजा शिल्लक होती. तिचे पैसे वारसांना मिळावेत की नाही? जर्मन कायद्याप्रमाणे माणसाबरोबर रजाही संपत होती. एकीचे पती वुपरटाल महापालिकेत होते, दुसरीचे एका खासगी व्यावसायिकाकडे. न्यायालयाने दोघींच्या बाजूने कौल दिला, पण दोन वेगळ्या वाटांनी. महापालिकेविरुद्ध थेट निर्देश चालला. खासगी मालकाविरुद्ध निर्देश चालत नाही, म्हणून संघाच्या मूलभूत हक्कांच्या सनदेतील भरपगारी रजेचा हक्क पुढे करण्यात आला. निकाल माणुसकीचा आहे, मी त्याचे स्वागतच करीन. पण ही वाट सगळ्यांना खुली नाही. कामगारांना माहिती देण्याच्या आणि त्यांच्याशी सल्लामसलत करण्याच्या हक्काबद्दल २०१४ मध्ये न्यायालयाने म्हटले होते की सनदेतले ते कलम खासगी वादात स्वतःच्या बळावर उभे राहण्याइतके नेमके नाही. सनदेच्या कुठल्या कलमाचे शब्द किती ठोस उतरले, यावर एका कामगाराचा हक्क टिकावा आणि दुसऱ्याचा बुडावा? मिलानच्या खटल्यात न्यायालयाचेच ॲडव्होकेट जनरल, म्हणजे निकालाआधी न्यायाधीशांना स्वतंत्र मत देणारे अधिकारी, कार्ल ओटो लेन्झ यांनी पुढील काळासाठी तरी निर्देश खासगी व्यक्तींमध्येही लागू व्हावेत, असे मत दिले होते. ते मानले असते तर या आडवाटा शोधाव्या लागल्या नसत्या.

भारतात राष्ट्राच्या वर बसून कायदे करणारी संस्था नाही. आंतरराष्ट्रीय करार संसदेने कायदा केल्याशिवाय इथे कायदा होत नाही. त्यासाठीचा अधिकार घटनेच्या अनुच्छेद २५३ मध्ये आहे. असे असूनही आपल्या सर्वोच्च न्यायालयाने युरोपीय न्यायालयाहून धीट पाऊल एकदा टाकले. स्त्रियांविरुद्धचे सर्व भेदभाव दूर करण्याच्या आंतरराष्ट्रीय कराराला भारताने १९९३ मध्ये मान्यता दिली, पण कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा केला नाही. १३ ऑगस्ट १९९७ च्या विशाखा निकालात न्यायालयाने त्या कराराचा आधार घेऊन मार्गदर्शक सूचना घालून दिल्या, कायदा होईपर्यंत त्या बंधनकारक ठरवल्या, आणि मालक सरकारी असो वा खासगी, प्रत्येकाने उपाय करावेत असे लिहिले. खासगी क्षेत्रात त्या पाळल्या जाव्यात म्हणून सरकारांनी कायद्यासह पावले उचलावीत, असेही त्याच निकालात सांगितले.

या धिटाईच्या मर्यादाही आपण पाहिल्या. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांच्या याचिकेवर ऑक्टोबर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की सूचनांचा आत्मा पाळला गेलेला नाही. कायदा आला २०१३ मध्ये, म्हणजे सोळा वर्षांनी. न्यायालयाचा शब्द संसदेची जागा भरून काढत नाही, हे खरेच. पण त्या सोळा वर्षांत खासगी कंपनीतल्या एखाद्या बाईला निदान तोंड उघडायला जागा होती. तुझी नोकरी खासगी, तेव्हा सरकारकडे भरपाई माग, असे तिला कोणी सांगितले नाही.

युरोपात राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी हा प्रश्न रोजच्या जगण्याचा आहे. पुण्याहून जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये नोकरीला गेलेले तंत्रज्ञ ज्या ब्लू कार्डावर, म्हणजे उच्चकुशल परदेशी कर्मचाऱ्यांसाठीच्या परवान्यावर, राहतात, ते एका निर्देशातूनच आलेले आहे. २००९ चा तो निर्देश २०२१ मध्ये नव्याने लिहिला गेला. पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन युरोपात दुसऱ्या देशात स्थायिक झालेल्या गोवेकरांचा तिथला वास्तव्याचा हक्क २००४ च्या निर्देशावर चालतो. हे हक्क सरकारकडून घ्यायचे असल्यामुळे तिथे निर्देश थेट कामी येतो. कामाचे तास, रजा, भेदभाव या गोष्टी मात्र मालकाशी असतात, आणि मालक बहुधा खासगी असतो. ब्रिटनमधल्यांचे तर भरपाईचे दारही बंद झाले. संघातून बाहेर पडताना केलेल्या २०१८ च्या कायद्याने फ्रांकोविचचा हक्क तिथे काढून टाकला.

आता पुढची परीक्षा वेतन-पारदर्शकतेच्या २०२३ च्या निर्देशाची आहे. उमेदवाराला मुलाखतीआधी पगाराची कल्पना द्यावी, त्याला आधीचा पगार विचारू नये, आणि एकसारख्या किंवा समान मोलाच्या कामाला स्त्रियांना सरासरी किती मिळते आणि पुरुषांना किती, हे कर्मचाऱ्याने मागितले तर सांगावे, असे तो म्हणतो. मुदत ७ जून २०२६. समान वेतनाचा हक्क देफ्रेन यांच्या खटल्यापासून खासगी मालकाविरुद्ध चालतो. पण शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला किती मिळते हे कळल्याशिवाय तो हक्क सिद्ध करायचा कसा? ती माहिती देण्याचे बंधन निर्देशात आहे. ज्या देशाने मुदतीत कायदा केला नाही, तिथे ८ जूनला महापालिकेच्या रुग्णालयातली परिचारिका निर्देश दाखवून ही माहिती मागू शकेल आणि खासगी रुग्णालयातल्या परिचारिकेला नकार मिळेल. अशी पहिली परिचारिका लक्झेंबर्गला पोहोचेल तेव्हा न्यायालयाने १९९४ चा निकाल बाजूला ठेवावा आणि माहिती देण्याचा आदेश तिच्या मालकालाच द्यावा.